दोन हातांवरचा नंबर

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजी पॅरिसमध्ये झालीच नाही. ती झाली तिथून बरंच दक्षिणेला, शातोरू या गावी. नेमबाजीतलं ओ की ठो न कळणाऱ्या लोकांनाही त्या दिवसांत दोन नेमबाज पाठ झाले. एक दक्षिण कोरियाची किम ये-जी. तिच्या डोळ्यावर घड्याळजीच्या भिंगासारखं काहीतरी, दुसऱ्या डोळ्यापुढे झापड, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तिची गाजलेली चित्रफीत खरं तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या, बाकू इथल्या स्पर्धेतली होती, पण लोकांनी ती पाहिली ऑलिंपिकच्या वेळी. दुसरा तुर्कस्तानचा युसुफ डिकेच. वय ५१, अंगात टी-शर्ट, एक हात खिशात आणि डोळ्यांवर साधा चष्मा. दोघांनाही रौप्यपदक मिळालं. योगायोग असा की दोन्ही वेळा विजयमंचावर मनू भाकर होती. २८ जुलैला वैयक्तिक स्पर्धेत किमबरोबर, ३० जुलैला सरबज्योत सिंगसह मिश्र सांघिक प्रकारात, तेव्हा मंचावर डिकेच होता.

मग कट्ट्याकट्ट्यावर एकच निकाल लागला: बघा, ती यंत्रं-बिंत्रं सगळी दिखाऊ, माणूस साध्या चष्म्यावर पदक मारतो. हा निकाल चुकीचा आहे. डिकेचचा हात खिशात होता, चष्मा नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना नंबराच्या काचेशिवाय पिस्तुलाचं टोक धड दिसत नाही, आणि ते दिसल्याशिवाय ऑलिंपिकच्या पदकापर्यंत पोचता येत नाही. किमच्या चेहऱ्यावरचा तो भिंगाचा सांगाडा आणि डिकेचचा साधा चष्मा दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. आणि तो प्रश्न सुटतो चष्म्याच्या दुकानात, परदेशी कंपनीच्या यादीत नाही.

मिश्र सांघिक पदकानंतर दोनच दिवसांनी, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे रेल्वेच्या विभागीय मुख्यालयाचं गाव असलेल्या सोलापुरातही त्या दिवशी जरा जास्तच आपलेपणा वाटला. कोल्हापूरनं याआधी तेजस्विनी सावंत दिली, २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली. राही सरनोबत दिली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. मुंबई-पुण्याच्या अंजली भागवत, पनवेलमध्ये मुलं घडवणाऱ्या सुमा शिरूर, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ही नावं आता घरोघरी ठाऊक आहेत. सोलापूरचं नाव या यादीत अजून नाही. पण दहा मीटर एअर रायफलला आणि एअर पिस्तुलाला लागतं काय, तर एक लांब खोली, बरा उजेड आणि शिकवणारं माणूस. एवढं कुठल्याही जिल्ह्याच्या गावात जमतं. अडतं ते पुढे. मुलगा किंवा मुलगी सहा महिने नेम धरते, गुण एका ठिकाणी येऊन थांबतात, प्रशिक्षक म्हणतात ‘डोळे दाखवून घ्या’, आणि पालक चष्म्याच्या दुकानात जाऊन उभे राहतात. कधी हे पालकच पन्नाशीत पिस्तूल हाती घेतलेले हौशी असतात. त्यांचा प्रश्न मुलांपेक्षा अवघड.

सोलापुरात चष्म्याची दुकानं हुडकावी लागत नाहीत. नवी पेठेत शिरलं की हाताला लागतात. सात रस्ता, जुळे सोलापूर, कुठंही जा. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लांबचा की जवळचा?’ सगळा धंदाच या दोन शब्दांवर उभा आहे. कार्डावर दोन ओळी असतात, वर लांबचा, खाली जवळचा. लांबचा म्हणजे सहा मीटर आणि त्यापुढचं सगळं. जवळचा म्हणजे वर्तमानपत्र धरतो तेवढं, चाळीसेक सेंटिमीटर. अलीकडे मध्ये ‘कंप्युटरचा’ नंबर आला, तो साठ-सत्तर सेंटिमीटरचा. नेमबाजाला पाहायचं असतं ते या तिन्हींत बसत नाही. पिस्तूल धरलेला हात सरळ केला की पुढची साईट, जिला जुन्या शिकारकथांत माशी म्हणतात, डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर येते. जुन्या मापानं सांगायचं तर दोन हात. रायफलमध्येही साधारण तेवढंच, नळीला जोड लावला असेल तर थोडं जास्त.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटत नाही. नेम धरायचा टार्गेटवर, मग बघायचं टार्गेटकडे नको का? थोडं गणित करू. एअर पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर असतं. हात जसाच्या तसा, सरळ रेषेत एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही टार्गेटवर एक मिलिमीटरच बाजूला जातो. पण मनगट वळलं आणि पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर तीच चूक सुमारे २८ मिलिमीटरची होते. दहाचा सात होतो. म्हणून पिस्तुलाचा प्रत्येक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत असतो: पुढची साईट कोरीव दिसली पाहिजे, टार्गेट धुरकट दिसलं तरी चालेल. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावर काटेकोर दिसतं, तेव्हा निवड करावी लागते आणि ती साईटच्या बाजूनं करावी लागते.

रायफलची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या मागच्या साईटला बारीक भोक असतं. पुढे कडी असते, आणि त्या कडीत टार्गेटचा काळा गोल मधोमध बसवायचा. बारीक भोकातून पाहिलं की खोली वाढते, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चाळिशीच्या माणसानं मुठीची बारीक फट करून त्यातून औषधाच्या बाटलीवरचं वाचून पाहावं, लगेच पटेल. पण रायफलचं टार्गेटही तितकंच निष्ठुर. दहा मीटर एअर रायफलचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे पेनाच्या टोकानं टेकवलेला. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असल्यामुळे तो ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, हाच काय तो दिलासा. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ त्या मानानं ऐसपैस, ११.५ मिलिमीटरचं, पण ते एका हातानं मारायचं असतं.

आता दुकानातला हिशेब. काचेचा नंबर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त. एक मीटरसाठी १.००, दोन मीटरसाठी ०.५०, दहा मीटरसाठी ०.१०. साईट मागते १.००, टार्गेट मागतं ०.१०. दोघांच्या मधोमध ०.५५ येतं. काचा पाव-पावच्या टप्प्यानं मिळतात, म्हणून ०.५०. डोळ्याला दोन मीटरवर बसवून टाकलं की साईट आणि टार्गेट दोन्ही सारख्याच, अगदी किंचित धूसर होतात, आणि बारीक भोक ती धूसरता गिळून टाकतं. त्यामुळे रायफलचा रूढ नियम असा: लांबचा नंबर नीट काढायचा आणि त्यात अधिक ०.५० मिळवायचे. पिस्तुलाला भोक नाही, उघडी खाच आहे, आणि साईट कोरीव हवी, म्हणून तिथं अधिक ०.७५. हा काही वेद नाही. कुणाचा हात आखूड, कुणाची मान पुढे, कुणाच्या बाहुल्या मोठ्या. पण सुरुवात इथून करावी आणि पाव इकडे, पाव तिकडे तपासून बघावं.

या बेरजेतून मजेशीर गोष्टी निघतात. ज्याचा लांबचा नंबर उणे २.०० आहे त्याला पिस्तुलासाठी उणे १.२५ लागतो. नंबरात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला दोष काढणारा आकडा, असेल तर तो तसाच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. आणि ज्याचा लांबचा नंबर उणे ०.७५ आहे त्याच्या बेरजेचं उत्तर येतं शून्य! म्हणजे शाळेतल्या फळ्यासाठी ज्या मुलीला चष्मा लागतो, तिनं पिस्तूल चालवताना तो काढून ठेवला तर साईट बहुधा जास्त कोरीव दिसेल. प्रशिक्षकांना कधी कधी हे कोडं पडतं की ही पोरगी चष्मा विसरून आली त्याच दिवशी बरी का खेळली. उत्तर बेरजेत आहे. (डोळ्याच्या संरक्षणासाठी मग बिननंबरी काच लावावी. छर्रा लोखंडी पेटीवर आपटून त्याचा कण उलट येऊ शकतो, तेव्हा उघड्या डोळ्यानं रेंजवर उभं राहू नये.)

वीस वर्षांच्या पोराला हे सगळं लागतं का? बहुतेकदा नाही. त्याच्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं, एक मीटरवर जाणं त्याला मिनतवारीचं नसतं. पण एका सामन्यात ६० गोळ्या आणि ७५ मिनिटं असतात. प्रत्येक गोळीला डोळा टार्गेटवरून साईटवर आणि साईटवरून टार्गेटवर धावत राहिला तर शेवटच्या वीस गोळ्यांत तो दमतो, आणि दोष दिला जातो मनगटाला. चाळिशीनंतर प्रश्नच उरत नाही. भिंग ताठर होतं, साईटच्या कडा विरघळतात. पिस्तुलाच्या हौशी मंडळींत ‘आता हात थरथरायला लागला’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचा हात ठीक असतो, असं मला दिसत आलं आहे. त्यांना साईट दिसत नसते आणि ती शोधायला ते तीन सेकंद जास्त थांबतात. थांबलं की हात थरथरणारच.

मग दुकानातली दुसरी फैर: ‘प्रोग्रेसिव्ह घ्या, सगळंच दिसेल.’ सगळं दिसतं हे खरं, पण काचेच्या वेगवेगळ्या मजल्यांवर. वर लांबचं, खाली जवळचं, आणि आपल्याला हवं ते मधल्या एका अरुंद पट्टीत. ती पट्टी गाठायला हनुवटी वर करावी लागते. नेमबाजाचं डोकं मात्र एका जागी बसलेलं असतं. रायफलमध्ये गाल दांड्यावर टेकलेला, पिस्तुलात मान खांद्याकडे वळलेली. बायफोकलचंही तेच. नेमबाजाची काच एकच नंबर असलेलीच हवी. ‘ब्लू कट’ नको, त्यानं पांढरं टार्गेट पिवळसर दिसण्यापलीकडे काही हाती लागत नाही. अँटी-ग्लेअर मात्र घ्यावं. मागच्या दिव्याचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या अंगावर पडलं तर ते साठ वेळा छळतं.

आणि ‘पातळ काच’? हा आग्रह सगळ्यात मोठा असतो, कारण पातळ काच महाग. उणे ४ नंबराची काच मोठ्या फ्रेमसाठी ६५ मिलिमीटर व्यासाची घेतली तर साध्या मटेरियलमध्ये तिची कडा मध्यापेक्षा चार मिलिमीटरहून जास्त जाड होते, ती दिसतेही कुरूप. नेमबाजीच्या सांगाड्यातली काच मात्र ३७ मिलिमीटरची असते. तीच उणे ४ ची काच तिथं कडेला जेमतेम दीड मिलिमीटर जास्त भरते. जाडीचा प्रश्नच मिटला. उलट पातळ मटेरियल रंग जास्त फोडतं. काच रंग किती कमी फोडते हे मोजायचा एक आकडा आहे, ॲबे नंबर. साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकचा तो ५८ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा ३० च्या आसपास. जितका जास्त तितकं चांगलं. काळ्या साईटच्या कडेला निळी-तांबडी किनार नको असेल तर दुकानातली स्वस्तातली काच मागावी. दुकानदाराला हे ऐकून क्षणभर आपण चेष्टा करतोय असं वाटतं. उडत्या चकत्यांवर शॉटगन चालवणाऱ्यांचं वेगळं. तिथं चकतीचे तुकडे चेहऱ्याकडे येतात आणि पॉलिकार्बोनेटच हवं.

सांगाड्याविषयी. किमच्या डोळ्यावर होतं तसल्या सांगाड्यांत जर्मनीची नोब्लॉख आणि स्वित्झर्लंडची चँपियन ही जुनी नावं. तार, नाकाची घोडी आणि एक गोल कडी, जी वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे आणि तिरकी करता येते. एवढ्यासाठीच पैसे. कारण साधा चष्मा चालताना, वाचताना समोर पाहण्यासाठी केलेला असतो. उभ्यानं रायफल धरलेला नेमबाज मात्र मान वळवून, डोकं झुकवून, काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो. तिथं काच आपल्या गुणाची नसते, कधी तर फ्रेमची दांडीच मध्ये येते. सांगाड्यात ती गोल काच नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येते, तिचा मध्यबिंदू बरोबर बाहुलीसमोर बसवता येतो. काचेपुढे आयरिस, म्हणजे कमी-जास्त करता येणारं भोक, तेही यालाच लागतं. नियम सांगतो की पिस्तुलावर किंवा रायफलवर नंबराची काच बसवायची नाही. काच माणसानं आपल्या अंगावर वागवायची. म्हणून हा सगळा खटाटोप तोंडावर.

शाळकरी मुलाला पहिल्या वर्षी हा सांगाडा घेऊन देऊ नये असं माझं ठाम मत आहे. मुलांचा नंबर दर वर्षी हलतो, चेहरा वाढतो, आणि आठ महिन्यांत पोरगं क्रिकेटकडे वळतं. मोठ्या काचेची, नाकाच्या घोड्या वाकवता येणारी जुन्या धाटणीची धातूची फ्रेम घ्यावी, ती नाकावर थोडी वर बसवून घ्यावी आणि फिटिंग करणाऱ्याला काचेचं सेंटर नेहमीच्या जागी न ठेवता जिथून नजर जाते तिथं ठेवायला सांगावं. ती जागा कळायला सोपा उपाय आहे. पोझिशन घेतलेली असताना कुणीतरी टार्गेटच्या बाजूनं, अर्थात बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, मोबाईलवर फोटो काढायचा. बाहुली फ्रेमच्या कुठल्या भागात आहे ते स्वच्छ दिसतं. तो फोटो दुकानात दाखवला की अर्धं बोलणं वाचतं.

खरा कस लागतो तो काच घासण्यात. पूर्वी दुकानाच्या मागच्या खोलीत घासणीचं चाक असायचं, पाणी ठिबकत असायचं, आणि एक माणूस डोळे बारीक करून काचेची कड फिरवत बसलेला असायचा. आता ऑटोमॅटिक मशीन आली. फ्रेमचा आकार त्यात भरला की काच आपोआप कापून येते. अनेक दुकानं तर काच फ्रेमसकट मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतात आणि चार दिवसांनी तयार डबी येते. फ्रेमच नसलेली, नुसती ३७ मिलिमीटरची गोल काच या व्यवस्थेत कुठंच बसत नाही. त्यामुळे ‘नेमबाजीचा चष्मा करणारा’ असा कुणी सोलापुरात शोधत फिरण्यापेक्षा ज्याच्याकडे अजून हातघासणी आहे असा माणूस शोधावा. जुन्या पेठांत तो सापडतो. त्याच्यासाठी हे काम अवघड नाही, फक्त विसरलेलं आहे. कंपासनं ३७ मिलिमीटरचं वर्तुळ पत्र्यावर आखून टेम्प्लेट करायचं, लेन्सोमीटरवर काचेचं सेंटर टिपायचं, आणि ते सेंटर वर्तुळाच्या मधोमध धरून घासायचं. सांगाड्याची कडी सोबत नेली तर काच तिथल्या तिथं बसवून पाहता येते.

सिलिंडर असेल तर एक गाठ जास्त. चौकोनी काच फ्रेममध्ये फिरत नाही, गोल काच फिरते. सिलिंडरला दिशा असते, ॲक्सिस. काच दहा अंशांनी फिरली तरी सिलिंडरचा जवळजवळ एकतृतीयांश दोष परत येतो. तीस अंश फिरली तर पूर्ण सिलिंडराएवढा दोष उभा राहतो, म्हणजे ती लावून काही उपयोग नाही. त्यामुळे काचेच्या कडेला आडव्या रेषेवर दोन बारीक खुणा करून घ्यायच्या, आणि कडीवर त्याच्या जोडीच्या दोन. रेंजवर पोचल्यावर पहिल्यांदा खुणा जुळल्या आहेत का ते बघायचं. ०.२५ चा सिलिंडर रोजच्या चष्म्यात बरेचदा सोडून देतात, ‘त्यानं काही फरक पडत नाही’ म्हणतात. बाजारात, स्कूटरवर पडत नाहीच. पण साईटची उभी कड कोरीव आणि आडवी कड मऊ दिसत असेल तर तो पाव सिलिंडर मागून घ्यावा.

नंबर कुणाकडून काढायचा? डोळ्याचा आजार बघणारे नेत्रतज्ज्ञ, नंबर काढण्याचं शिक्षण घेतलेले ऑप्टोमेट्रिस्ट, आणि काच-फ्रेम विकणारं दुकान, ही तीन वेगळी कामं आहेत, जरी पाटी एकच असली तरी. ऑप्टोमेट्री हा इंटर्नशिपसह होणारा पदवी अभ्यासक्रम आहे, पुण्यात भारती विद्यापीठात तो चालतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला. आपल्याला पाहिजे असं माणूस जे कंप्युटरनं काढलेल्या नंबरवर न थांबता ट्रायल फ्रेम डोळ्यावर चढवेल आणि पाव-पावच्या काचा बदलत अर्धा तास देईल. चाळिशीपुढच्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांकडून मोतीबिंदू आणि पडदा तपासून घ्यावा. मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल तर नंबरही तिच्याबरोबर हलतो; ती आटोक्यात आल्याशिवाय काच घासून घेऊ नये. मुलांचा नंबर शक्यतो डोळ्यांत थेंब टाकून काढावा, कारण मुलांचे डोळे मशीनसमोर ताण देतात आणि नसलेला उणे नंबर दाखवतात. तोच उणे नंबर नेमबाजीच्या काचेत गेला तर पोरगं प्रत्येक गोळीला त्याच्याशी झगडत बसतं.

तपासणीला जाताना पिस्तूल घेऊन जायचा मोह होतो. जाऊ नये. एअर पिस्तूल लांबून खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं, नवी पेठेतल्या गर्दीत ते बाहेर काढणं म्हणजे नसता गोंधळ. शिवाय सणासुदीला पोलीस आयुक्तालयाचे शस्त्रबंदीचे मनाई आदेश निघतात, तिथं ‘साहेब, हे खेळाचं आहे’ म्हणून समजावत बसण्यात हशील नाही. घरी किंवा रेंजवर पोझिशन घेऊन डोळ्याच्या कोपऱ्यापासून पुढच्या साईटपर्यंतचं अंतर दुसऱ्या माणसाकडून टेपनं मोजून घ्यावं. मग तेवढ्या लांबीची पट्टी घ्यावी आणि तिच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याची, साईटच्या रुंदीची उभी चिप चिकटवावी. झाली साईट. टार्गेट भिंतीवर लावायचं, पण दुकान दहा मीटर लांब असतंच असं नाही. सहा मीटर मिळत असतील तर गोल त्या प्रमाणात लहान करायचा: पिस्तुलाचा ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल ३५.७ चा, रायफलचा ३०.५ चा १८.३ चा. वहीच्या कागदावर स्केचपेननं काढला तरी पुरे. ट्रायल फ्रेममध्ये लांबचा नंबर घालून, त्यावर अधिक ०.५०, मग ०.७५, मग १.०० अशी काच ठेवत जायचं आणि दर वेळी एकच विचारायचं: चिपेची कड कोरीव आहे का, आणि काळा गोल अजून गोल दिसतोय का. गोल विरून राखाडी ढग झाला की एक पाऊल मागे.

शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या दुकानात हे सांगितलं तर तिथं फार समजवावं लागत नाही, असं मला वाटतं, आणि त्याला कारण सोलापूरच आहे. यंत्रमागावर उभं राहून तुटलेला धागा शोधणारा कामगार, जेकार्डच्या चादरीवर डिझाइन उतरतंय का ते पाहणारा, मशीनवर झुकलेला शिंपी, मांडीवरच्या सुपात विड्या वळणारी बाई, यांतलं कुणीच ‘लांब’ आणि ‘जवळ’ या दोन ओळींत बसत नाही. त्यांचे चष्मे करायचे तर आधी विचारावं लागतं, तुमचं काम डोळ्यापासून किती अंतरावर असतं? हा प्रश्न विचारायची सवय ज्या दुकानदाराला आहे त्याला नेमबाज हा आणखी एक कारागीर. काचेच्या भिंती, टॅबलेट आणि ‘एकावर एक फ्री’ असलेल्या दुकानांत मला हा प्रश्न क्वचितच ऐकू आला.

एवढं करूनही एखाद्याचा डोळा किचकट निघतो. नंबर जास्त, सिलिंडर दोन-तीनचा, किंवा बुबुळाचा आकारच वेडावाकडा. अशा वेळी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जावं, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्यांना विचारावं. २०११ पासून नेमबाज गगन नारंगची ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीही तिथं चालते. तिथल्या जुन्या नेमबाजांना कुठला माणूस कसं काम करतो हे ठाऊक असतं. सोलापूरकरांना हैदराबादही तसं फार लांब नाही, आणि तिथंही रेंज आहे, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. पण साध्या उणे-अधिक नंबरासाठी अडीचशे किलोमीटर जाण्याची गरज नाही.

दुसऱ्या डोळ्याविषयी थोडं. नवशिका एक डोळा मिटतो. मिटलेला डोळा धरून ठेवायला चेहऱ्याचे स्नायू लागतात, आणि ते ७५ मिनिटं पुरत नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकापुढे झापड लावतात, ती नियमानं ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. ही झापड काळी नको. एका डोळ्यावर अंधार केला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात, आणि बाहुली मोठी झाली की नेमाच्या डोळ्याचीही खोली कमी होते. दुधी प्लॅस्टिकचा तुकडा, नाहीतर काचेवर चिकटवलेली पांढरट चिकटपट्टी, उजेड आत येऊ देते आणि चित्र अडवते. साहित्याच्या दुकानात यालाही पैसे पडतात. स्टेशनरीच्या दुकानात दहा रुपयांत काम होतं.

कॉन्टॅक्ट लेन्सचं बरेच जण विचारतात. काच नेहमी बाहुलीसमोरच राहते, हा तिचा मोठा गुण. पण नेम धरताना माणूस पापणी लववायचं विसरतो, लेन्स कोरडी पडते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या हवेत ती किती कोरडी पडते हे वेगळं सांगायला नको. सिलिंडरची लेन्स डोळ्यात थोडी फिरतेही. ज्याला चालते त्याला चालते. तिच्यात अधिक ०.७५ घालून घ्यायचं म्हटलं तर परतीच्या वाटेवर स्कूटर चालवताना लांबचं धूसर दिसेल, एवढं ध्यानात ठेवावं.

काच करून घेताना एक करू नये, दोन घ्याव्यात, एक अधिक ०.५० ची आणि एक ०.७५ ची. साध्या मटेरियलमध्ये दुसऱ्या काचेला फार पैसे पडत नाहीत आणि टेम्प्लेट तयारच असतं. दोन्हींच्या कडेला नंबर कोरून घ्यावा, नाहीतर महिनाभरात कुठली कुठली ते कळत नाही. मग एकाच दिवशी, एकाच उजेडात, आलटून पालटून दहा-दहा गोळ्या मारायच्या आणि गुणांकडे न बघता कागदावरचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बघायचा, कारण ग्रुप बाजूला पडला तर साईट फिरवून आणता येतो, फाकला तर नाही. ज्या काचेनं ग्रुप आवळतो ती सांगाड्यात, दुसरी डबीत. दोन्ही काचांनी ग्रुप तसाच फाकलेला राहिला तर मात्र चष्म्याच्या दुकानात परत जाऊन उपयोग नाही. प्रशिक्षकांकडे जावं आणि ट्रिगरवरचं बोट दाखवावं.